तिसरा खण

फाल्गुनी अमावास्येची भरती दुपारी साडेअकराला पुरी होणार होती. त्याच्या आत बॅटरी कातळवेळेच्या पुळणीवर पोचली तर मोटर धाकूची. नाही पोचली तर समुद्राची!

कातळवेळ म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवर दोन कड्यांच्या मधे अडकलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पाच दिवसांपूर्वी धाकू पुळ्याला उतारू सोडून रिकामी मोटर घेऊन रत्नागिरीला परतत होता. वरच्या रस्त्यावरचा साकव मोडलेला, म्हणून ओहोटी साधून त्याने गाडी पुळणीवरून घातली, आणि ऐन मध्यावर इंजिन जे बसलं ते बसलंच. हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ आली. पण बॅटरीतच जीव नव्हता, तर ठिणगी कुठून पडणार? वरच्या वाडीतून बैल आणले. त्यांनी गाडी ओढत कड्याच्या पायथ्याशी, चढाच्या तोंडाशी आणून सोडली आणि चढ बघताच माना टाकल्या. तेव्हा भांगाची, लहान भरती होती, पाणी लांब राहिलं. पण रोज ते हातभर वर सरकत होतं. काल त्याने मागच्या चाकांना जीभ लावली होती.

धाकू मोटरपाशीच बसून राहिला. बॅटरी सोडवून त्याने क्लीनर गंगारामच्या डोक्यावर दिली आणि मांडवीला सासऱ्याच्या भातगिरणीत पाठवली, कारण तेलाच्या इंजिनावर चालणारा डायनामो जवळपास तिथेच होता. सोबत बायकोला निरोप होता, "मोटर गेली तर मी परत बोटीवर. दुसरं मना येतंय काय?"

हा निरोप सगुणाच्या काळजात रुतून बसला होता. धाकूने सहा वर्षं बोटीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकला होता. त्यांची चिमा तीन वर्षांची. गेल्या दिवाळीपर्यंत ती बापाला "पाव्हणे" म्हणत असे! मोटर घेतल्यावर कुठे दोन महिन्यांनी तिच्या तोंडून पहिल्यांदा "आबा" निघालं होतं. ते ऐकून एवढा दांडगा माणूस परसात जाऊन नाक शिंकरत उभा राहिला होता.

तर ती बॅटरी पोचायलाच हवी होती. गिरणीवाल्या आप्पांचे, तिच्या वडिलांचे, गुडघे गेलेले. बॅटरी कशी न्यावी, कशी जोडावी, बिनसली तर काय करावं हे घरात आणखी एकालाच ठाऊक होतं, दहा वर्षांची असल्यापासून गिरणीत बापाच्या हाताखाली बुचं उघडणाऱ्या सगुणाला.

पहाटे फटफटायच्या आधीच ती गिरणीत शिरली, आणि दारातच नाकाला पदर लावून मागे सरली.

"शी! आप्पा, खिडक्या का लावल्यात?"

"खारं वारं येतं गो." आप्पांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. "बघ, तीन दिवस भरतोय. तिन्ही खण कसे दुधासारखे उकळतायत!"

सडक्या अंड्यांचा वास! शंभर अंडी एका हंड्यात कुजवावीत तसा. आप्पांना काय, तपकिरीने त्यांचं नाक वीस वर्षांपूर्वीच मारून टाकलं होतं. सगुणाचं नाक मात्र हल्ली कुत्र्याचं झालं होतं. फोडणी नको, उदबत्ती नको, चिमाच्या केसांतलं तेलसुद्धा नको. तिसरा महिना चालू होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, धाकूलाही नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आता दोन तोंडं झाली, बोटीचा पगारच बरा.

तिने कंदील उंबऱ्याबाहेर ठेवला, खिडक्या सताड उघडल्या, डायनामो थांबवायला लावला, आणि मगच तारा सोडवल्या. रबरी फुग्याच्या काचेच्या नळीने पहिल्या खणातलं तेजाब वर ओढलं. नळीतला काटा छान वर तरंगला, म्हणजे खण भरलेला. दुसऱ्या खणातही वर. तिसऱ्या बुचाला हात घातला मात्र, पोटातून अशी उबळ वर आली की ती तशीच बाहेर धावली आणि माडाच्या बुंध्याशी ओकली.

परत आली तेव्हा आप्पांनी बुचं आवळून टाकली होती. "झालं तपासून?"

"झालं," सगुणा म्हणाली. तिसरा खण राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिने असं केलं.

बॅटरी डोलीत बांधली. डोलीचे पुढचे खांदेकरी रावजीकाका. साठीचा माणूस, तीस वर्षं आजाऱ्यांना डोलीतून दवाखान्यात नेणारा आणि शिमग्यात ग्रामदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा धरणारा. मागे गंगाराम, ओठांवर झुपकेदार मिशी आणि तिच्याखाली सदा एक विझलेली विडी.

"बाय," रावजीकाका दांडा खांद्यावर घेत म्हणाले, "देवीची पालखी काय आन हा सडक्या अंड्यांचा डबा काय, खांद्याला सारखीच. तोल मातूर सांभाळाय होवा."

सगुणाच्या काखेला झोळी होती. तीत केळीच्या सोपटात गुंडाळलेली जादा तेजाबाची बाटली, काचेची नळी, पाना, सोड्याची पुडी, ग्रीसचा डबा. हातात प्यायच्या पाण्याची सुरई. निघाले!

खाडी ओहोटीने आटली होती. पलीकडे जायला घेतलेली होडी कांदळवनाच्या शंभर हात अलीकडेच गाळात बसली.

"उतरा," होडीवाला म्हणाला. "हितनं फुडं पायांचीच होडी."

सगुणाने पाय टाकला आणि गाळाने तो गुडघ्यापर्यंत गिळला. काळा, थंड, बुळबुळीत गाळ! पाऊल उपसलं की पचाक् आवाज, आणि आवाजामागून बुडबुडा, आणि बुडबुड्यातून तोच वास, सडक्या अंड्यांचा! पुढे डोलीत तो, खाली पायांत तो. कुजका पाला, फुगून उलटे झालेले मासे, झाडांच्या मुळांना लोंबणारा हिरवा शेंबडासारखा चिकटा. पोटऱ्यांवरून बारीक काहीतरी वळवळत गेलं. ते काय होतं हे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर एक पाऊल पुढे टाकवलं नसतं. दोनदा थांबून ती ओकली. दुसऱ्या वेळी रावजीकाकांनी मागे वळून पाहिलं आणि डोलीची चाल हळू केली.

कांदळाच्या मुळांमधून डोली तिरकी काढताना गंगारामचा पाय सटकला!

"आयचा घो...!"

दांडा कलला. बॅटरी हिंदकळली. बुचाच्या भोकातून तेजाबाची धार निघून रावजीकाकांच्या खांद्यावर!

"खाली ठेवू नका! वर धरा! सरळ धरा!" सगुणा ओरडली. बॅटरी गाळात गेली असती तर सगळंच गेलं असतं. ती गाळ तुडवत पुढे झेपावली, सुरई फोडावी तशी रिती केली रावजीकाकांच्या खांद्यावर. सगळं पाणी! मग सोडा. पांढरा फेस फसफसला.

"जळतंय गो बाय, जळतंय!"

"आधी बंडी काढा! फेका ती!"

बंडी गाळात पडली, आणि बघता बघता तिला वाटीएवढं भोक पडलं. खाली कातडी नुसती लाल झाली होती, बस्स.

"आसलं पानी धाकू गाडीत घालून फिरतो?" रावजीकाका भोकाकडे बघत म्हणाले. "उतारूंना ठाऊक हाय?"

प्यायचं पाणी मात्र संपलं होतं.

कांदळवन संपलं तेव्हा ऊन चढलं होतं. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात सुकटीची पथारी पसरली होती. तो वास चुकवायला सगुणाने श्वास कोंडला आणि डोळे मिटून ती वाळूतून जवळजवळ धावलीच. पुढे कातळ सुरू झाला. मैलच्या मैल काळा, भोकाभोकांचा, तव्यासारखा तापलेला जांभा दगड. झाड नाही, सावली नाही. पायांवरचा गाळ वाळून तडकला, तडकीतडकीतून वास येतच राहिला. तोंडाला कोरड. जिभेवर ओकारीची आंबट चव.

"वयनी," गंगाराम मागून म्हणाला, "पलीकडच्या वाडीच्या बागेतलं शहाळं काढू? घटकाभराचं काम. शहाळ्यासारखा शुद्द पानी नाय दुनयेत. कोनाचा हात लागत नाय, का भांडा लागत नाय."

"परत येताना," सगुणा म्हणाली. सूर्य कड्याच्या वर आला होता. "चला!"

कातळ उतरून ते राईत शिरले. गार सावली! पण सावलीने डोळे निवले आणि नाकाने पुन्हा उचल खाल्ली. वर फांद्याफांद्यांना हजार वटवाघळं लोंबत होती, आणि त्यांच्या विष्ठेचा थर घोट्याएवढा, मऊ, उबदार. पाय ठेवला की त्यातून किडे उधळत. शिसारी आली तिला. मोटर नको, बॅटरी नको, बोट नको, कुणीच काही नको, असं एक क्षण वाटून गेलं.

राईच्या मध्यावर शेंदूर फासलेला दगड होता. तिथला राखणदार. डोलीवाल्यांनी बॅटरी बरोबर त्या दगडाच्या पायाशी ठेवली. गंगारामने कमरेची काड्यांची पेटी काढली, नवी विडी तोंडात धरली.

"हे काय करतोस?"

"राखनदाराची इडी. वझा हितं ठेवायचा, इडी पेटवून दगडावर ठेवायची. ती जळंस्तवर वझा उचलायचा नाय." आणि त्याने काडी ओढली.

सगुणाने झडप घातली! पेटी उडाली, काड्या विष्ठेत विखुरल्या, पेटलेली काडी दूर जाऊन विझली.

"वयनी!"

"मेल्या, जाळशील सगळ्यांना! आत्ता भरून निघालीय ही. हिच्या पोटातून वायू निघतो, डोळ्यांना दिसत नाही. ठिणगी मिळाली की खोकं फुटेल आणि तेजाब थेट तोंडावर! आप्पांची डावी भुवई बघितलीस? एकदा वाकून दिवा धरला होता बॅटरीवर. तेव्हापासून केस नाहीत तिथे. डोळा राहिला ते नशीब!"

गंगारामने नकळत मिशीवर हात फिरवला.

पण रावजीकाका मांडी घालून बसले. "इडी चुकवून ह्या राईतनं देवीची पालखीपन कदी गेली नाय. मी उचलनार नाय."

"लावा की विडी! फक्त बॅटरी पन्नास पावलं लांब नेऊन ठेवा."

"वझा पायाशीच होवा."

"उशीर होतोय, काका!"

"उशीर तुला. राखनदाराला कसला उशीर?"

सगुणाला रडू आलं, राग आला, आणि सगळ्यांत जास्त किळस आली. त्या वासाची, त्या हट्टाची, स्वतःच्या ओकऱ्यांची. ती काही बोलली नाही. डोलीची दोरी सोडली, पदर खोचला, खाली वाकून बॅटरीच्या दोन्ही कड्या धरल्या आणि ते शिशाचं धूड उचललं. एक पाऊल. दुसरं. दंडांच्या शिरा तटतटल्या.

"ठेव!" रावजीकाका किंचाळले. म्हातारा उडी मारून उठला. "ठेव ता खाली! दोन जिवाची तू, ठेव आधी!"

सगुणा जागीच थबकली, बॅटरी तशीच हातांत.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" सगुणा कशीबशी म्हणाली.

"तीस वर्सं पोटुश्या बाया वाहतंय मी. मना सांगाय लागतंय?" त्यांनी तिच्या हातांतून बॅटरी काढून घेतली, पोटाशी धरली आणि वाऱ्याच्या दिशेला, मोजून पन्नास पावलांवर नेऊन अलगद ठेवली. मग दगडाकडे तोंड करून हात जोडले. "देवा, वझा तिकडं हाय. तुला पोराबाळांचा कळतंय. पन्नास पावला चालशील."

विष्ठेतून एक कोरडी काडी शोधून गंगारामने विडी पेटवली. ती जळेपर्यंत तिघंही उभी राहिली.

"गंगाराम, फुंकर घाल रे," रावजीकाका हळूच म्हणाले. "देवालापन जरा घाई असंल."

पुढे कडा! खाली कातळवेळ दिसत होती आणि तिच्या टोकाला, काळ्या किड्याएवढी मोटर. पाणी तिच्या मागच्या चाकांना वेढा घालत होतं!

वाट अंगठ्याएवढी. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला नुसता वारा. आणि तिथे सगुणाने रावजीकाकांची खरी करामत बघितली. पुढे त्यांनी दांडा हातांच्या लांबीने वर उचलला, मागचा माणूस गुडघ्यांत वाकला. पालखी पायऱ्यांवरून उतरवतात तशी डोली उतरू लागली. दगड निसटत होते. पाय घसरत होते. पण दांडा पाण्याच्या रेघेसारखा सरळ! तेजाबाचा एक थेंब सांडला नाही.

धाकू धावत आला. पाच दिवसांची दाढी, अंगाला खारवलेल्या माशांचा वास, डोळे लाल. त्याने मोटरमागे दगडांचा बांध घातला होता, तो पाण्याने केव्हाच पाडला होता.

"आलीस? तू आलीस? अगो, मना वाटलं आप्पा..."

"लांबून बोला," सगुणा नाक धरून म्हणाली. "माशासारखे घाणता! आणि आठ दिवसांतून एकदा बुचं उघडून पाणी बघा म्हणून किती वेळा सांगितलं होतं? बघितलंत?"

"उद्या बघू म्हटलं..."

"त्या उद्याला घेऊन बसलायत समुद्रात."

मोटरच्या तारांच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी माजली होती, जुन्या जखमेवरच्या खपलीसारखी. सगुणाने ती ओलवलेल्या सोड्याने घासून काढली, टोकं कोरडी केली. गळ्यातलं मंगळसूत्र पाठीवर टाकलं. धाकूच्या मनगटातलं पितळी कडं उतरवायला लावलं, कारण पाना किंवा कडं दोन्ही टोकांना एकदम टेकलं की वीज मधल्यामध्ये पेट घेते. तारा आवळल्या, वर ग्रीस फासलं.

"चालवा!"

धाकूने बटण दाबलं. इंजिन एकदा कण्हलं. घर्रर्र... आणि गप्प.

पुन्हा. कण्हणंसुद्धा नाही.

लाट आली आणि मागच्या चाकांवरून फुटली. धाकू सुकाणूवर डोकं टेकून बसला. "संपला," तो म्हणाला. "बोट तरी कदी दगा देत नाय."

सगुणा बॅटरीवर वाकली. इथे गाळ नव्हता, वटवाघळं नव्हती. स्वच्छ खारा वारा होता. आणि त्या वाऱ्यात तिच्या नाकाला सडक्या अंड्यांच्या खाली दुसरा एक वास लागला. गोडसर. आंबूस. चार दिवस उन्हात राहिलेल्या माडीसारखा!

तिसरा खण!

तिने बुच काढलं. आत तपकिरी फेस दाटला होता, लाळेसारखा, तार धरणारा. सगुणाने नळी आत बुडवली. काटा नळीच्या तळाशी मेल्यासारखा आडवा पडला.

"ह्यात काय घातलंय?"

गंगारामने तोंडातली विझलेली विडी काढली.

"वयनी... येताना खाडीत डोक्यावरनं कलला हा डबा. एका खनातला अर्धा पानी सांडला. धाकूदादान सांगितलान होतान, ज्याला कोनाचा हात नाय लागला असला शुद्द पानीच घालाय होवा. मंग मी... शहाळ्याचा घातला. देवाला चालतो तो!"

धाकू त्याच्या अंगावर धावला. सगुणाने हात आडवा घातला. "त्याला मागाहून मारा. मीही तिसरा खण न बघताच निघाले. आता वेळ घालवू नका!"

चाकं अर्धी पाण्यात होती. तारा पुन्हा सोडल्या. कड्याच्या पायथ्याशी कोरड्या वाळूत खड्डा खणला. रावजीकाकांनी आणि धाकूने ओली फडकी हातांना गुंडाळून बॅटरी तिरकी केली, वाऱ्याकडे पाठ करून. पहिल्या दोन खणांची बुचं घट्ट, तिसरा उघडा. तपकिरी घाण घळाघळा खड्ड्यात ओतली गेली. जळक्या गुळाचा भपका! त्यावर सोडा, त्यावर वाळू.

साधं पाणी घालून चालणार नव्हतं. इथल्या झऱ्यांत लोखंड, समुद्रात मीठ. सगुणाने बाटलीतल्या तेजाबानेच खण विसळला, घाण ओतून टाकली, उरलेलं तेजाब आत घातलं. पुरेना! शिशाच्या पट्ट्यांची डोकी उघडी राहिली. तिने नळी घेतली. पहिल्या खणातून थोडं, दुसऱ्यातून थोडं, थेंब थेंब तिसऱ्यात.

लाट. पायांखालची वाळू सरकली.

"सगुणा!"

"थांबा!"

आणखी एक नळी. पट्ट्या बुडल्या. बुचं लावली, वरचा भाग पुसून कोरडा केला, तारा आवळल्या.

"आता बटण दाबू नका. बॅटरी अशक्त आहे, तिला इंजिन फिरवायला लावू नका. हँडल मारा! तिचा जीव फक्त ठिणगीसाठी राहू दे."

धाकूने हँडल घातलं. एक! दोन! तीन! काही नाही. लाट त्याच्या मांड्यांवर फुटली. चार! पाच! फट् असा एक आवाज, धूर, पुन्हा शांतता. धाकूने आभाळाकडे बघून एक शिवी हासडली आणि सहाव्यांदा सगळं अंग हँडलवर टाकलं.

फट्, फट्, फट्फट्फट्फट्!

"जय देवी!" रावजीकाका ओरडले.

चाकं फिरली आणि वाळूत रुतली. "मागचं बाक काढा!" सगुणाने ओरडून सांगितलं. उतारूंचं शिसवी बाक, धाकूने मुंबईहून हौसेने आणलेलं. त्याने एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग पाना घेतला, आणि बाक लाटेत गेलं. तिघांनी मागून खांदे लावले. चाकांनी वाळू ओकली, दगड धरला. मोटर गुरगुरत, लंगडत, धूर सोडत चढाला लागली. मागे बाक लाटांवर डुलत होतं, आणि जिथे मोटर होती तिथे कमरेएवढं पाणी!

वाडीत पोचल्यावर धाकूने इंजिन चालूच ठेवलं. मोटरचा स्वतःचा डायनामो आता बॅटरीला जीव देत होता. सगुणा खाली उतरली आणि बागेच्या दगडी गडग्याला टेकून पुन्हा ओकली. पोटात काहीच उरलं नव्हतं. आलं ते नुसतं पिवळं पाणी.

"काय होतंय हिला?" धाकू घाबरून म्हणाला. "तेजाबाचा वास बाधला काय?"

"मोटारवाला हायस ना?" रावजीकाका दगडावर टेकत म्हणाले. "बायकोचा काटा वाचता येत नाय होय तुला? तिसरा म्हैना हाय रे गाढवा!"

धाकूने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सगुणाने मान खाली घातली. आता तो बोटीचं बोलेल, पगाराचं बोलेल. तिला ते शब्द आधीच ऐकू येत होते.

तेवढ्यात गंगाराम माडावरून उतरला. शहाळं सोलून, डोळा उघडून त्याने ते दोन्ही हातांनी, अपराधी चेहऱ्याने तिच्यापुढे धरलं. सगुणाने आधी वास घेतला. काही नाही. सबंध सकाळीत पहिली गोष्ट, जिला घाण येत नव्हती! तिने घोट घेतला. थांबली. पोट गप्प. तिने शहाळं तोंडाला लावलं ते रितं करूनच खाली ठेवलं.

"राहिलं?" गंगारामने श्वास रोखून विचारलं.

"राहिलं."

"मी म्हनलंव नव्हतं? असला पानी दुनयेत नाय!" आणि धाकूचा डोळा चुकवून तो दुसऱ्या माडावर चढला.

धाकू जवळ आला. मग आठवण होऊन तीन पावलं मागे सरला, वास येऊ नये म्हणून. पान्याशी चाळा करत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "ता पानी दर आठ दिवसांनी बघाय होवा म्हनालीस ना?"

"हो."

"मंग शनवार धरू. दर शनवारी मी बुचं उघडीन. चिमाला नळी धराय शिकवीन."

सगुणाने वर पाहिलं. बोटीवरच्या माणसाला मांडवीतल्या मोटरची बुचं दर शनिवारी उघडता येत नाहीत.

"आधी आंघोळ करा," ती म्हणाली, आणि पदर नाकाला लावला. पदराआड ती हसत होती.